‘निरंक’ आणि भूगर्भ : भारताच्या भूकवचाची मोजणी

शासकीय पत्रव्यवहारात ‘निरंक’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. वरिष्ठ कार्यालयाने मागविलेल्या तक्त्यात लिहिण्याजोगे काही नसले की रकान्यात ‘निरंक’ असे लिहून तक्ता परत पाठविला जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका त्रैमासिक तक्त्यावर मी सही करीत असताना माझ्या वरिष्ठांनी विचारले होते, “हे निरंक म्हणजे घटना घडली नाही म्हणून, की आपल्याकडे नोंद नाही म्हणून?” मला उत्तर देता आले नाही. अधीनस्थ कार्यालयांकडून तक्ता जसा आला तसाच मी तो पुढे धाडीत होतो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. भूविज्ञानाशी माझा संबंध आला तो पुष्कळ वर्षांनी, एका सर्वेक्षणाच्या खर्चाचा प्रस्ताव तपासताना. प्रस्ताव समजावा म्हणून जे वाचले त्यात तो जुना प्रश्न पुन्हा भेटला. आपल्या पायाखालच्या भूमीची रचना कशी कळली, हा इतिहास वैज्ञानिकांचा आहे, तसाच तो नोंदी ठेवणाऱ्या आणि कधी कधी त्या न ठेवणाऱ्या कार्यालयांचाही आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. खंडांखालचे भूकवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. सागरतळाखालचे अवघे सात किलोमीटरांच्या आसपास. मानवाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियाच्या कोला द्वीपकल्पात आहे. १९७० मध्ये सुरू झालेले ते काम १९८९ मध्ये सुमारे १२ किलोमीटरांपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. म्हणजे खंडीय कवचाचा एक तृतीयांश भागही आपण प्रत्यक्ष पाहिलेला नाही. उरलेल्या भागाचे ज्ञान अप्रत्यक्षच मिळवावे लागते आणि त्याची एक महत्त्वाची सुरुवात हिंदुस्थानातील एका सरकारी खात्याच्या आकडेमोडीत झाली.

महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने मुझफ्फरनगरजवळील कलियाना आणि मध्य भारतातील कलियानपूर या दोन स्थानकांमधील अक्षांशांचा फरक दोन रीतींनी काढला होता. एक रीत जमिनीवरील त्रिकोणांच्या मोजणीची, दुसरी ताऱ्यांच्या वेधांची. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक आला. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर भरते. स्थानके एकमेकांपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर असल्यामुळे एवढी तफावत मोजणीत साचत गेलेल्या चुकांच्या माथी मारून मोकळे होणे सहज शक्य होते, आणि आरंभी तसेच झाले.

परंतु तफावतीचा आकडा कागदावर राहिला, पुसला गेला नाही. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असले तरी उत्तम गणिती होते. त्यांनी असा विचार केला की ताऱ्यांच्या वेधासाठी ओळंबा लागतो, आणि हिमालयाचे प्रचंड वस्तुमान तो ओळंबा स्वतःकडे ओढत असणार. १८५५ मध्ये त्यांनी या ओढीचे गणित मांडले. त्यानुसार तफावत १५.८८५ विकलांची यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच होती. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नव्हता.

त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचे स्पष्टीकरण दिले. पाण्यावर तरंगणारा ओंडका जितका जाड, तितका तो पाण्याखाली अधिक खोल असतो. तद्वत भूकवच खालच्या जड द्रव्यावर तरंगत असून पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोलवर गेले असले पाहिजे. प्रॅट यांचे पुढे मत निराळे झाले. पर्वताखालचा खडकच कमी घनतेचा आहे, वेगळे मूळ मानण्याची गरज नाही, असे ते म्हणू लागले. ओळंब्याला दोन्ही कल्पना सारख्याच मानवत होत्या. केवळ वजनावरून निवाडा होईना. खालून जाऊन परत येणारा कोणी साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार १२ जून १८९७ रोजी सायंकाळी मिळाला. शिलाँगच्या पठारावर झालेल्या महाभूकंपात दीड हजारांहून अधिक माणसे मेली आणि शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याकडे चौकशीचे काम आले. त्या वेळी देशाला एक प्रमाण वेळ नव्हती; ती १९०६ मध्ये आली. कलकत्त्याची वेळ वेगळी, मुंबईची वेगळी, आणि रेल्वे व तारखाते मद्रासच्या वेळेवर चाललेले. धक्का कोठे किती वाजता जाणवला हे ठरविण्यासाठी कोणते घड्याळ कोणत्या वेळेवर लावलेले आहे, हेच आधी तपासावे लागे. अशा विस्कळीत नोंदींतून ओल्डहॅम यांनी १८९९ मध्ये आपला विस्तृत अहवाल सिद्ध केला.

त्यांच्या हाती आणखी एक सामग्री होती. इटली आणि युरोपातील इतर ठिकाणच्या उपकरणांनी हा भूकंप हजारो किलोमीटरांवरून टिपला होता. त्या नोंदींत ओल्डहॅम यांना तीन स्वतंत्र टप्पे दिसले. आधी पोहोचणाऱ्या दाबाच्या प्राथमिक लहरी, त्यांच्यामागून येणाऱ्या आडव्या हेलकाव्याच्या दुय्यम लहरी, आणि शेवटी पृष्ठभागालगत रेंगाळत येणाऱ्या लहरी. पहिल्या दोन पृथ्वीच्या पोटातून येतात आणि वाटेतल्या खडकाचा हिशोब आपल्या वेगातून देतात. १९०० मध्ये त्यांनी हे विवेचन प्रसिद्ध केले आणि १९०६ मध्ये याच मार्गाने पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. भारतातील पहिले भूकंपमापन केंद्र कलकत्त्यातील अलीपूर येथे १ डिसेंबर १८९८ रोजी सुरू झाले, तेही या भूकंपानंतरच.

कवचाचा तळ मात्र सापडला झाग्रेबमध्ये. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातील कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. झाग्रेबच्या वेधशाळेचे प्रमुख आंद्रिया मोहोरोविचिच मूळचे हवामानशास्त्रज्ञ. अनेक केंद्रांच्या नोंदी जमवून पाहताना त्यांच्या लक्षात आले की काही अंतरापलीकडे प्राथमिक लहर एकदा येत नाही, दोनदा येते. ही गोष्ट प्रवासाच्या दाखल्याने समजते. जवळच्या गावी जायचे असेल तर आडरस्त्याने थेट जाणारी एस.टी. आधी पोहोचते. गाव दूर असेल तर वळसा घेऊन महामार्गाला लागणारी गाडी अंतर अधिक कापूनही पुढे निघते. कवचातून थेट जाणाऱ्या लहरीचा वेग सेकंदाला सहा किलोमीटरांच्या आसपास असतो; कवचाखालच्या प्रावरणात तो एकदम आठच्या घरात जातो. खाली उतरून वेगवान थरातून धावून पुन्हा वर आलेली लहर कोणत्या अंतरापासून थेट लहरीला मागे टाकते, हे कळले की तो थर किती खोल आहे हे गणिताने निघते. ३५ ते ४० किलोमीटर जाडीच्या कवचावर हे अंतर सुमारे २०० किलोमीटर येते. मोहोरोविचिच यांनी आपल्या प्रदेशासाठी ५४ किलोमीटर खोली काढली. कवच आणि प्रावरण यांमधील या सीमेला आज त्यांच्याच नावाने, संक्षेपाने ‘मोहो’ म्हणतात.

या पद्धतीत एक अडचण होती. भूकंप केव्हा आणि कोठे होईल हे आपल्या हाती नसते. म्हणून स्फोट घडवून लहरी निर्माण करण्याची आणि शेकडो किलोमीटरांच्या रेषेवर ओळीने मांडलेल्या उपकरणांनी त्या टिपण्याची पद्धत पुढे आली. सोव्हिएत संघात गाम्बुर्त्सेव यांनी ती विकसित केली. स्फोटाचे स्थळ आणि क्षण ठाऊक असल्यामुळे हिशोबातील दोन अज्ञात गोष्टी एकदम कमी होतात. शिवाय मोहोवर आपटून परत फिरलेल्या लहरीही टिपता येतात.

आता आपल्या देशाकडे परत येऊ. स्वातंत्र्यानंतर धरणे, पोलाद कारखाने आणि वीजगृहे उभी राहू लागली तेव्हा भूकंपाचा विचार करून बांधकाम करण्यासाठी भारतीय मानक संस्थेने १९६२ मध्ये पहिली संहिता काढली. तिच्यासोबतच्या नकाशात देशाचे शून्य ते सहा असे सात विभाग पाडले होते. द्वीपकल्पाचा बराच भाग ‘शून्य’ विभागात होता. यामागे दोन गोष्टी होत्या. द्वीपकल्प हे प्राचीन, घट्ट, अचल भूखंड आहे ही भूवैज्ञानिकांत रूढ झालेली समजूत, आणि तेथे मोठ्या भूकंपांच्या नोंदी फारशा नाहीत हे वास्तव. नकाशावरचा हा शून्य पाहिला की मला माझा तक्ता आठवतो. नोंद नाही म्हणून घटना नाही, असे तेथे गृहीत धरले गेले होते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे २०० माणसे दगावली, हजारो जखमी झाली, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून लहान धक्के जाणवत होते आणि त्यासाठी तेथे उपकरणेही बसविली होती. पण एवढ्या मोठ्या धक्क्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. १९७० च्या सुधारित संहितेत ‘शून्य’ विभाग रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला. शून्य खोडणे सोपे होते. त्याच्या जागी काय लिहायचे, हा खरा प्रश्न होता, आणि त्यासाठी खाली काय आहे हे पाहणे आवश्यक होते.

हे काम हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हाती घेतले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने सोव्हिएत तज्ज्ञांच्या सहकार्याने १९७२ ते १९७५ या काळात देशातील पहिले खोल भूकंपलहरी सर्वेक्षण केले. आंध्रच्या किनाऱ्यावरील कावलीपासून कर्नाटकच्या किनाऱ्यावरील उडुपीपर्यंत, कडप्पाचे खोरे आणि धारवाडचे अतिप्राचीन खडक ओलांडून जाणारी ही सुमारे ६०० किलोमीटरांची रेषा. कृष्णलाल कैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचे निष्कर्ष १९७९ मध्ये मांडले. अशा सर्वेक्षणातला वैज्ञानिक भाग आपण वाचतो. पण प्रशासनातल्या माणसाला त्यातला दुसरा भागही दिसतो. स्फोटकांचे परवाने, त्यांची वाहतूक आणि साठवण, दुसऱ्याच्या शेतात छिद्र पाडण्याची संमती, आणि प्रत्येक उपकरणाजवळ ठरल्या क्षणी जागा असलेला माणूस. यांतली एक कडी निसटली तरी त्या दिवसाचा स्फोट वाया जातो.

निष्कर्ष काय निघाले? मोहो ३५ ते ४० किलोमीटरांच्या आसपास होता, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होती ती कवचाची घडण. एकसंध पाटाप्रमाणे मानलेले हे भूखंड प्रत्यक्षात मोठमोठ्या ठोकळ्यांचे होते. ठोकळ्यांना विभागणारे प्रस्तरभंग पृष्ठभागाशी न संपता थेट मोहोपर्यंत उतरत होते. अचल म्हणून ज्याची ख्याती, ते जुन्या वाड्याच्या भिंतीसारखे सांधलेले निघाले. उभे होते, पण सांधे होते.

१९७५ ते १९७७ या काळात हीच पद्धत कोयना परिसरात वापरली गेली. कोकण किनाऱ्यावरील गुहागर आणि केळशी येथून निघून सह्याद्री ओलांडून पूर्वेस जाणाऱ्या या दोन रेषा. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यावर आपले किल्ले उभे आहेत आणि ज्यात आपली लेणी कोरली आहेत, तो किती जाड आहे हे तेव्हा या प्रदेशात लहरींनी मोजले गेले. किनाऱ्याकडे दीड किलोमीटरांच्या घरात असलेली बेसाल्टची जाडी पूर्वेकडे कमी कमी होत गेली होती. त्याखाली ग्रॅनाइटसदृश प्राचीन खडक होता आणि कोयनेच्या खालून जाणारा एक खोल प्रस्तरभंगही होता. राकट, कणखर म्हणून ज्याचा अभिमान बाळगत आपण वाढलो तो कातळ, खालच्या भेगांवर घातलेले पांघरूण होता.

येथवरचा इतिहास समाधानाने सांगता येतो. पुढचा तसा नाही. वरील दोन्ही रेषा पश्चिम महाराष्ट्राच्या होत्या. मराठवाड्याचा दक्षिण भाग त्यांच्या वाटेवर नव्हता. संहितेच्या नकाशात तो पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित मानलेल्या विभागात होता. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मेली. बहुतेक मृत्यू दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीच्या माळवदांखाली झाले.

येथे एक तुलना मनातून जात नाही. काही वर्षे माझी नेमणूक ईशान्येत होती. तेथे ज्यांना ‘आसाम पद्धतीची घरे’ म्हणतात ती हलकी घरे मी रोज पाहत असे. लाकडी चौकट, इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती, वर पत्रा. १८९७ नंतर सरकारी बांधकामात ही पद्धत रुजली आणि तेथून लोकांत पसरली. शिलाँगने धडा घेतला कारण त्याला तो मिळाला होता. लातूर-उस्मानाबादच्या शेतकऱ्याने माळवद बांधले ते उन्हापासून आणि चोरापासून बचाव व्हावा म्हणून. त्याचे गणित चुकीचे नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचलेली माहिती अपुरी होती. आणि त्या माहितीच्या रकान्यात आपण ‘निरंक’ लिहिले होते.

कवचाची रचना कळली की भूकंपाचे भाकीत करता येते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सांधा कोठे आहे हे कळते, तो कधी सरकेल हे कळत नाही. किल्लारीवरून एखादी रेषा गेली असती तर ती माणसे वाचली असती, असेही मी म्हणणार नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. जेथे पाहिलेच नाही तेथे ‘धोका नाही’ असे न लिहिता ‘पाहिलेले नाही’ असे लिहिले असते, तर घरबांधणीचे नियम, शाळांच्या इमारती आणि १९९२ च्या धक्क्यांनंतरची सावधगिरी यांचा विचार निराळ्या रीतीने झाला असता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने अशा सर्वेक्षणाची अडचण उघड आहे. खर्च या वर्षीचा आणि निश्चित. लाभ पुढच्या पिढ्यांचा, विखुरलेला आणि कोणत्याही खातेवहीत न मावणारा. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते शासनानेच केले पाहिजे. आणि फलनिष्पत्तीच्या तक्त्यात ते बसत नाही, म्हणून शासनातही त्याचा प्रस्ताव सर्वांत आधी मागे पडतो. मी तपासलेल्या प्रस्तावावरही ‘तात्काळ लाभ कोणता?’ असा शेरा होता. तो शेरा माझाच होता. पुढे तो मी मागे घेतला, हे येथे नमूद केलेले बरे.

किल्लारीनंतर पुष्कळ काही झाले. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबविला. किल्लारीला पाडलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात ३३८ मीटर बेसाल्ट, मग अवघा आठ मीटरांचा गाळाचा थर आणि त्याखाली प्राचीन पाया मिळाला. संहितेच्या २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागही वगळला गेला आणि लातूर परिसर तिसऱ्यात आला. कोयनेला २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. तेथे १,२४७ मीटरांवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी पाया लागला. लहरींनी चाळीस वर्षांपूर्वी जे ऐकवले होते, त्याच्या वरच्या भागाला हाती आलेल्या खडकाने पुष्टी दिली. या कामासाठी कराडला केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे.

आता स्फोटांची गरजही पूर्वीइतकी उरलेली नाही. जगात कोठेतरी दूर झालेल्या भूकंपाच्या लहरी आपल्या केंद्राखाली मोहो ओलांडताना आपले रूप थोडे बदलतात. त्यावरून त्या जागेची जाडी काढता येते. या रीतीने धारवाडच्या पश्चिम भागात कवच काही ठिकाणी ५० किलोमीटरांपर्यंत जाड असल्याचे आढळले. कावली-उडुपी रेषेवरच्या जुन्या आकड्यांत त्यामुळे भर पडली, वादही वाढले. दक्षिण तिबेटमध्ये १९९० च्या दशकातील सर्वेक्षणांनी मोहो ७० किलोमीटरांहून खोल दाखवला. एअरी यांनी इंग्लंडमध्ये बसून कल्पिलेले पर्वताचे मूळ असे सापडले, ५.२३६ विकलांच्या तफावतीनंतर दीडशे वर्षांच्या आत.

महाराष्ट्राबाहेर दिल्ली, गुवाहाटी, डेहराडून येथे राहणारे आपण घर घेताना भूकंपाच्या विभागाचा क्रमांक विचारतो आणि तो कमी असला की निश्चिंत होतो. तो क्रमांक कशावरून ठरला, त्या जमिनीखाली कोणी पाहिले आहे का, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. विचारावयास हवे.

तो वरिष्ठांचा प्रश्न मी पुढे माझ्या हाताखालच्या कार्यालयांना विचारीत राहिलो. काही वर्षांपूर्वी एका तक्त्याचा नमुना सुधारण्याची संधी मिळाली तेव्हा ‘निरंक’च्या जागी दोन पर्याय ठेवले: ‘तपासले, आढळले नाही’ आणि ‘तपासले नाही’. पहिल्या तिमाहीत बहुतेक सर्व कार्यालयांनी पहिल्या पर्यायापुढे खूण केली. तिसऱ्या तिमाहीत एका लहान कार्यालयाकडून दुसऱ्या पर्यायावर खूण केलेला तक्ता आला. मी त्या अधिकाऱ्याला आभाराचे पत्र पाठविले.